चौथ्या प्रहराची कॅसेट

अकराव्या दिवशी शय्यादान कसं करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रामघाटावर तीस वर्षं मी तेच करत आलो आहे. सातारा, सांगली, अमरावती, कुठून कुठून लोक आपलं माणूस गमावून काशीला येतात, आमच्या ओसरीवर बसतात आणि विचारतात, गुरुजी, काय काय द्यायचं? मी बोटांवर मोजून सांगतो. खाट, गादी, उशी, पांघरूण, छत्री, जोडे, तांब्याभांडं, आणि गेलेल्याला जे जे आवडत होतं ते सगळं. हात आखडता घेऊ नका. इथे दिलेलं त्याला तिथे पोचतं. दान घेऊन महापात्र, म्हणजे मेलेल्याचं दान घेणारा ब्राह्मण, निघाला की त्याच्या पाठीकडे बघू नका, आणि दिलेली वस्तू कधीही परत मागू नका. मागितलीत तर ती मेलेल्याच्या हातातून हिसकावल्यासारखी होईल.

एकदा कराडकडच्या एका बाईंनी नवऱ्याचा चष्मा पदराखाली धरून ठेवला होता. मला दिसला. मी चारचौघांत म्हणालो, "त्यांना तिकडे दिसायला नको का? ठेवा तो गादीवर." बाईंनी निमूटपणे ठेवला. मी हे अगदी सहज बोललो होतो. तेव्हा माझा मुलगा जिवंत होता आणि मला ज्ञान फार होतं.

सुशांत शहाण्णवच्या डिसेंबरात गेला. तेवीस वर्षांचा होता, एकुलता एक. कावीळ झाली, ती मेंदूत गेली, अकरा दिवस इस्पितळात काढले आणि संपलं. बापाने मुलाचं करायची वेळ आली तर ते कसं करायचं, हेही पोथीत दिलेलं आहे. मी तेही केलं. एकाही मंत्राला अडखळलो नाही. गल्लीतले लोक म्हणाले, नीलकंठ गुरुजी मोठे धीराचे. धीर कसला, सवय होती.

सुशांतला मी सोळाव्या वर्षापर्यंत वेद शिकवला. आवाज चांगला होता आणि कान त्याहून तयार. एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. पण पुढे त्याने पाठशाळा सोडली, कॉलेजात गेला आणि चौकातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. तिथे त्याला शरद उजगरे भेटला. कुटुंब मूळचं नगरकडचं, वडील इथे रेल्वेच्या कारखान्यात. शरद पहिल्यांदा घरी आला तेव्हा मराठी बोलणारं पोर आलं म्हणून आधी मीच खूश झालो होतो. मग गप्पांत तो म्हणाला, आम्ही ख्रिस्ती. तो गेल्यावर मी त्याचा पेला वेगळा ठेवायला सांगितला. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, म्हणून हेही सांगून टाकतो.

शरद गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. विद्यापीठात शिकणारे शिलाँगचे दोघे भाऊ होते, एक ड्रम वाजवायचा आणि दुसरा जाड तारांची गिटार. तिघेही ख्रिस्ती. छावणीकडच्या एका चर्चच्या मागे हॉल आहे, तिथे त्यांचा सराव चालायचा. सुशांत त्यांच्यात चौथा झाला. वैदिकाचा पोरगा ख्रिस्ती बँडमध्ये जातो ही बातमी रामघाटावर पसरायला कितीसा वेळ लागणार? "काय गुरुजी, चिरंजीव कधी बाटतायत?" असं लोक मला हसत हसत विचारायचे. त्यांच्यासमोर मी हसायचो आणि घरी येऊन तो सगळा राग पोरावर काढायचो.

त्याचं तिथलं काम म्हणजे आवाज गोळा करणं. पंचगंगा घाटावरची कबुतरं, पाण्यात पडणारं वल्हं, दगडाला घासणारी नाव, वरच्या मशिदीतली पहाटेची अजान आणि तिच्यामागून वाजू लागलेल्या घंटा. हे सगळं तो गाण्यांच्या मागे घालायचा. नऊ गाण्यांचा एक आल्बम ते तयार करत होते. मी त्यातलं एकही गाणं ऐकलं नाही. पद्माने, माझ्या बायकोने, ऐकलं होतं. ती पोळ्या लाटत असताना तो तिच्या कानाला हेडफोन लावायचा. ती मला सांगायची, "फार सावकाश गाणी आहेत हो. मोठ्या रिकाम्या खोलीत कुणी एकटंच गातंय असं वाटतं." मी म्हणायचो, तुला काय कळतंय त्यातलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"बाबा, एक विचारू? पहाटे स्नानानंतर घाटावर तुम्ही म्हणता ना, ते मला रेकॉर्ड करायचंय. शेवटच्या गाण्यात तुमचा आवाज मागे हवाय. अगदी हलका. ते गाणं मराठी आहे, आणि ते मी म्हणतोय."

मी काय काय बोललो ते सगळं सांगवत नाही. वेद म्हणजे गिटारीमागे वाजवायचा भोंगा आहे का, असं म्हणालो. बापाचा आवाज पाद्र्याच्या घरी पोचवायला निघालास का, असंही म्हणालो. तो म्हणाला, "तसं नाही बाबा. मला तुमचा आवाज आवडतो." त्यावर मी म्हणालो, "माझ्याशी बोलू नकोस." आणि त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला. तो आजारी पडेपर्यंत, म्हणजे महिन्याच्या वर. ताटावर बसलो की मी पद्माला म्हणायचो, त्याला मीठ दे, आणि तो पद्माला म्हणायचा, बाबांना सांग, मीठ नको. इस्पितळात मी बोललो, पुष्कळ बोललो, पण तोवर त्याला माणसं ओळखू येत नव्हती.

अकराव्या दिवशी खाट मांडली. नवी गादी घातली, त्याची तपकिरी शाल ठेवली, बूट ठेवले, छत्री ठेवली. मग मी त्याच्या खोलीत गेलो आणि तो रेकॉर्डर उचलून आणला. चांगला जड होता, वर चार सरकती बटणं होती. पद्मा पुढे आली.

"अहो, तेवढं राहू द्या ना."

"त्याला सगळ्यांत जास्त काय आवडायचं?" मी विचारलं.

ती मागे सरली. मी तो रेकॉर्डर उशीजवळ ठेवला, निजलेल्या माणसाच्या हाताला लागेल असा. मनातून मला वाटत होतं की मी काहीतरी फार मोठं करतो आहे. ज्या वस्तूपायी त्याला जिवंतपणी घालूनपाडून बोललो, तीच मी आपल्या हाताने त्याच्याबरोबर पाठवतो आहे. भांडण मिटलं, असं मी स्वतःला सांगितलं. आत कॅसेट आहे की नाही हे मी बघितलंसुद्धा नाही. गजाधर महापात्र सगळं उचलून निघाला तेव्हा मी पाठ फिरवली आणि पद्मालाही फिरवायला लावली.

शरद आला तेव्हा जानेवारी निम्मा सरला होता. मणिकर्णिकेवर तो आला होता, पण लांब पायऱ्यांवर उभा राहून निघून गेला होता. आताही दारातच थांबला. पद्माने त्याला आत घेतलं आणि पाणी दिलं, आमच्याच पेल्यात. मी बघितलं आणि काही बोललो नाही.

"काका, सुशांतकडे आमचा रेकॉर्डर होता," तो म्हणाला.

"दान दिला. शय्यादानात."

त्याला शब्द कळला, कारण त्याचा चेहरा उतरला. "त्यात कॅसेट होती काका."

"मग दुसरी घे. बाजारात ढिगाने मिळतात."

"त्यात नऊ गाणी होती. दुसरीकडे कुठेच नाहीत."

मग त्याने मला सगळं समजावून सांगितलं. त्या यंत्रात एकाच फितीवर चार आवाज शेजारी शेजारी भरता येतात, चार ओळी लिहाव्यात तसे. पहिल्या दोन ओळींत गाणाऱ्याचा आवाज आणि गिटार. पुढच्या दोन ओळींत ड्रम आणि सुशांतने घाटावरून आणलेले आवाज. या चार ओळी नीट मिसळायच्या आणि मग त्यातून साधी कॅसेट काढायची. ते काम कलकत्त्याला एका स्टुडिओत फेब्रुवारीत व्हायचं होतं. त्याआधी नक्कल का काढली नाही, असं मी विचारलं. "सुशांतच नको म्हणाला," शरद म्हणाला. "नकलेत खरखर वाढते म्हणे."

तो जमिनीकडे बघत होता. "आठ गाणी आम्ही पुन्हा करू काका. तशी होणार नाहीत, पण करू. नववं कसं करणार? ते त्याने म्हटलंय."

"मी ऐकलंय ते," पद्मा म्हणाली. तेरा दिवसांत आणि त्यानंतरही ती इतक्या स्पष्ट आवाजात बोलली नव्हती. "चाल आठवत नाही रे मला. रोज आठवून बघते. त्याचा आवाज आठवतो, पण चाल येत नाही."

"कशाचं गाणं आहे?" मी विचारलं. दिवाळीपासून मी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

शरदने जरा विचार केला. "आमच्या बँडचं नाव 'फोर्थ वॉच', म्हणजे चौथा प्रहर. आमच्यात एक गोष्ट आहे. रात्रीचा शेवटचा प्रहर असतो, समुद्रात नाव अडकलेली असते, वारा उलटा. नावेतल्या लोकांना पाण्यावरून कुणीतरी चालत येताना दिसतं. ते घाबरतात, त्यांना भूत वाटतं. तेव्हा तो म्हणतो, घाबरू नका, मी आहे. पण आमच्या गाण्यात तो अजून बोललेला नाही. नावेतला माणूस नुसता विचारतोय, कोण आहे म्हणून. गाणं एवढंच आहे."

जाताना तो उंबऱ्यावर थांबला. "काका, रेकॉर्डर सुशांतचा नव्हता. चर्चचा होता, वापरायला दिलेला. त्यांचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. कॅसेटचं तेवढं काही झालं तर."

त्याचा नव्हता. शरद गेल्यावर मी तेच धरून बसलो. जे आपलं नाही ते दान देता येत नाही, हे पोरासोरालाही ठाऊक असतं. दिलं तरी ते दान होत नाही. म्हणजे मी ते दिलंच नव्हतं. जे दिलंच नाही ते परत आणलं तर मागितल्याचा दोष लागत नाही. हे मी दोन दिवस मनात घोळवत होतो, आणि प्रत्येक वेळी शेवटी एका जागी येऊन अडकत होतो. मी दिलंच नसेल, तर मग त्याला ते मिळालंही नाही. इतके दिवस तो तिकडे रिकाम्या हातांनी बसला असेल. हा विचार आला की मला ताटावरून उठावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पद्मा म्हणाली, "तुम्ही जात नसाल तर मी जाते."

मी गेलो. आमच्याकडचा माणूस महापात्राच्या घरी जात नाही. तो येतो, घेतो आणि जातो, आणि त्याचं तोंड पुन्हा दिसू नये म्हणून लोक वाट बदलतात. मी भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना ब्रह्मनाळच्या पुढच्या बोळात त्याचं दार वाजवलं.

गजाधर स्वतःच आला. मला बघून त्याने हातातली विडी विझवली. "पंडितजी, आप? हमारे दरवाजे पर?" आणि जरा वेळाने म्हणाला, "हमारे यहाँ तो कोई दूसरी बार नहीं आता."

मी त्याला सगळं सांगितलं, रेकॉर्डर सुशांतचा नव्हता हेही सांगितलं. शास्त्र सांगायला लागलो तसा तो हात जोडून म्हणाला, "हमको शास्तर मत बताइए महाराज. ले जाइए. कौन मना करता है." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बस एक बार सोच लीजिए. लड़के के हाथ से ले रहे हैं."

हे वाक्य माझंच होतं. तीस वर्षं मी ते लोकांना ऐकवत होतो.

त्याने मला वरच्या खोलीत नेलं. छतापर्यंत गाद्या रचलेल्या होत्या. कोपऱ्यात छत्र्यांचा भारा होता, एवढ्या छत्र्या मी दुकानातही बघितल्या नव्हत्या. जोडे, कंदील, काठ्या, पितळेचे तांबे, एक हार्मोनियम. खिडकीतल्या एका परातीत नुसते चष्मे होते. कराडचा त्यात होता की नाही कोण जाणे. मी सांगत आलो होतो की हे सगळं तिकडे पोचतं. ते सगळं इथे होतं, धुळीत. मी बघत उभा राहिलो. गजाधरला हे रोजचं होतं.

रेकॉर्डर गाद्यांच्या मागे सापडला. कुणाला चालवता आला नव्हता म्हणून तसाच पडला होता. आत कॅसेट नव्हती. गजाधरने खाली हाक मारली तशी त्याची सून आली. कडेवर महिन्याचंही नसलेलं बाळ होतं. कॅसेट तिच्याकडे होती. तिच्यावर सुशांतच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं आणि त्यावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली, 'लल्ला की छठी'.

"इसमें हम लोग अपने टेप पर सोहर भर लिए हैं," ती म्हणाली. बाळाच्या सहाव्या दिवशी बायका गातात ती गाणी. माझा चेहरा बघून ती घाबरली. "एक ही तरफ भरे हैं बाबूजी. दूसरी तरफ सब उल्टा-पुल्टा बजता था, तो उसको छोड़ दिए."

बाळाने माझ्याकडे बघून जांभई दिली. मला रागवायला कुठे जागाच नव्हती. दुसरी बाजू आहे, एवढं मी मनाशी धरलं. घरी येऊन पद्मालाही तेच सांगितलं, दुसरी बाजू शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं रिक्षाने छावणीकडे गेलो. मी तिला यायला सांगितलं नव्हतं. मी उठायच्या आत तिने चपला घातल्या होत्या. चर्चच्या आवारात आम्ही जन्मात पाय ठेवला नव्हता. हॉल थंड होता, भिंतींना गोधड्या टांगलेल्या होत्या, आणि एका खुंटीवर सुशांतचा मफलर होता. पद्माने तो काढून घेतला आणि मांडीवर ठेवून बसली.

शरदने कॅसेटवरची पट्टी वाचली. त्याच वेळी त्याला कळलं असणार. पण तो म्हणाला, "बघू या." कॅसेट यंत्रात घातली आणि पहिली दोन बटणं वर सरकवली.

ढोलकी वाजली आणि बायका गायला लागल्या. मोकळ्या गळ्याने, आनंदाने गात होत्या. मधे बाळ रडलं, कुणीतरी हसलं. शरदने फीत पुढे नेली. तिथेही बायकाच. आणखी पुढे नेली. गाणी संपून भांडी वाजत होती, कुणी कुणाला पुरी वाढायला सांगत होतं. टेप बंद करायचं विसरले होते. पंचेचाळीस मिनिटांची फीत होती, आणि शरदने ती शेवटपर्यंत तपासली.

"पण दुसरी बाजू?" मी विचारलं.

"दुसरी बाजू म्हणजे तिसरी आणि चौथी ओळ, काका. साध्या टेपवर ती उलटी वाजते, म्हणून त्यांना काही कळलं नाही. ती आहे तशीच आहे."

"मग सुशांतचा आवाज?"

"तो पहिल्या ओळीत होता."

पद्माने मफलर हातात गच्च धरला. ती रडली नाही. मला म्हणाली, "मी म्हटलं होतं, राहू द्या." एवढंच. त्यानंतर ते ती पुन्हा कधीही म्हणाली नाही. म्हणत राहिली असती तर बरं झालं असतं.

शरदने पहिली दोन बटणं खाली घेतली आणि पुढची दोन वर केली. नुसता ड्रम वाजत होता, गाण्याशिवाय. मागे घंटा, कबुतरं, नावा. एक गाणं संपायचं, थोडी शांतता, मग दुसऱ्याचा ड्रम सुरू. ज्या घरातून माणसं निघून गेली आहेत तिथे दिवे तेवढे लावावेत, तसं ते ऐकू येत होतं. मला ते बंद करायला सांगायचं होतं, पण शरद खाली मान घालून ऐकत होता. आठ गाणी अशी गेली.

नवव्याला ड्रम नव्हता. आधी पाणी ऐकू आलं. मग लांबून एक वल्हं. मग एक म्हातारा आवाज मंत्र म्हणायला लागला.

"तुम्ही आहात," पद्मा म्हणाली.

मीच होतो. मी माझा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं तसा तो खणखणीत नव्हता. थंडीने कापत होता, श्वास लागत होता. मी दोन ओळी म्हटल्या, तिसरी सुरू केली आणि मधेच थांबलो. खाकरलो. मग माझाच आवाज म्हणाला, "कोण आहे रे तिकडे?"

पाणी वाजत राहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हणायला लागलो.

मला ती पहाट आठवली. नोव्हेंबरचा शेवट होता आणि धुकं इतकं की आपलाच हात दिसेना. मागच्या पायऱ्यांवर काहीतरी हललं होतं. मला वाटलं कुत्रं असेल, किंवा एखादा चुकलेला यात्रेकरू. स्नान, संध्या आटोपून मी घरी आलो तेव्हा सुशांत पांघरूण घेऊन पडलेला होता. त्याच्याकडे न बघता मी पूजेला बसलो.

"मला माहीत होतं," पद्मा म्हणाली. "तुमच्या मागोमाग गेला होता तो. माईक भिजू नये म्हणून मीच शाल दिली त्याला, ती तपकिरी. आल्यावर मला म्हणाला, आई, बाबांनी विचारलं गं कोण आहे म्हणून. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, मी खाली बसलो."

शरद म्हणाला, "ते मधलं कापू या, असं मी त्याला म्हणालो होतो काका. तो नाही म्हणाला. म्हणाला, गाणं तिथूनच सुरू होतं."

म्हणजे माझ्या त्या प्रश्नानंतर जी जागा होती, तिथे तो गायला सुरुवात करायचा. पोराने माझा आवाज शेवटी घेतलाच होता, आणि मी नको म्हटलं तरी, त्याने सांगितलं होतं तसाच, हलका, मागे ठेवला होता. आता पुढचं पुसलं गेलं होतं आणि मागचा मी तेवढा उरलो होतो. मुलाचा आवाज मिळावा म्हणून मी त्याच्या हातातली वस्तू काढून आणली, आणि त्यातून माझाच आवाज निघाला.

"तेवढीच जागा पुन्हा लाव," मी शरदला म्हणालो.

त्याने लावली. पुन्हा लावली. कोण आहे रे तिकडे, आणि मग पाणी. अकरा सेकंद आहेत, शरदने घड्याळावर मोजले. त्या अकरा सेकंदांत माझा मुलगा माझ्या मागे पाच-सहा पायऱ्यांवर, शालीखाली माईक धरून बसलेला आहे. मी कान यंत्राला लावला. निदान श्वास ऐकू येईल असं वाटलं. तोही त्याने धरून ठेवला होता.

त्याने उत्तर द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. "मी आहे, बाबा" असं तो म्हणाला असता तर मी काय बोललो असतो, ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं.